नागीण नव्हती ती

हे लिहायला सुजाताने परवानगी दिली ती दोन अटींवर. पहिली, गावाचं आणि आमचं नाव बदलायचं. दुसरी, रोगाचं नाव बदलायचं नाही. "एकदा बदललं तेवढं पुरे झालं," असं ती म्हणाली. सुजाता हे नावही तिनेच स्वतःसाठी निवडलं आहे. मला प्रकाश हे नाव दिलं, आणि वर म्हणाली, "जास्त शोभत नाई, पण राहू द्या."

सुजाता माझी बायको. मी जिनिंगचा फिटर. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं बसवायची, त्यांच्या रोलरना खाचा पाडायच्या, सीझनभर ती चालती ठेवायची, हे माझं काम. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. आजूबाजूला कापूस भरपूर, जिनिंगही आहेत, पण तेलंगणातल्या मिलवाले बोलवायचे आणि मी जायचो. दिवाळी झाली की जायचं आणि भीमजयंतीच्या आत परत यायचं. लग्न झाल्यापासून हाच क्रम होता.

मला झाला तो हर्पीस. तोही जिथे सांगायला लाज वाटते तिथे. माझ्यासारखा कुणी हे वाचत असेल आणि पान झाकून वाचत असेल, तर भाऊ, आरामात वाच. मी मेलो नाही, आणि माझं घरही मोडलं नाही. पण मोडायला आलं होतं, आणि ते रोगामुळे कमी आणि माझ्या जिभेमुळे जास्त.

उन्हाळी

त्या वर्षी जयंतीच्या चार दिवस आधी मी तापातच घरी आलो. अंग मोडून आलं होतं, जांघेत गाठी आल्या होत्या आणि लघवीला बसलो की डोळ्यांतून पाणी यायचं. सुजाताने एका नजरेत निदान केलं.

"उन्हाळी लागली तुम्हाले. त्या मिलमंधी पाणी पेत नसान."

धणे भिजवून त्याचं पाणी, सब्जा, ताक, सगळं झालं. वस्तीत जयंतीची तयारी चालली होती, निळे झेंडे लागत होते, पोरी गाण्याची तालीम करत होत्या, आणि मी दार लोटून पालथा पडलो होतो. तिसऱ्या दिवशी फोड दिसले. बारीक, पाणी भरलेले, घोसाने आलेले. ते फुटले आणि मग कपडाही सहन होईना. तेव्हा मला आतून कळलं की ही उन्हाळी नाही. कुठून आलं असावं तेही कळलं.

सीझनमध्ये मी दोनदा एका बाईकडे गेलो होतो. एकदा थंडीत आणि एकदा परतायच्या आठवड्यात. तिच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. ती माझ्याशी नीट बोलली होती, दुसऱ्या वेळी तिने मला जेवलास का म्हणून विचारलं होतं. तिलाही हा रोग कुणीतरी दिलाच असेल, आणि तो कुणीतरी बहुतेक माझ्यासारखाच घरापासून लांबचा असेल.

एका तासाचा फरक

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. गुप्तरोगाच्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळे पुरुषच होते, आणि प्रत्येक जण शेजारच्या खोलीसाठी आल्यासारखा बसला होता. एकाने तर हातात एक्स-रेचं पाकीट धरलं होतं. नंबर आला तेव्हा तो पाकिटासकट आमच्याच खोलीत शिरला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हर्पीस आहे. गोळ्या लिहून देतो. रक्त द्या आणि समुपदेशनाच्या खोलीत जाऊन बसा, तिथे सगळं नीट सांगतील." मी रक्त दिलं. समुपदेशन करणाऱ्या ताई जेवायला गेल्या होत्या. म्हटलं तोवर गोळ्या घ्याव्यात, म्हणून बाहेरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला हळूच विचारलं, "भाऊ, हर्पीस म्हणजे काय असते?"

तो गोळ्या काढता काढता म्हणाला, "हर्पीस? नागीण."

त्या एका शब्दाने माझ्या छातीवरचा दगड उतरला. नागीण तर कुणालाही होते! म्हाताऱ्यांना होते, शाळामास्तरांना होते. त्यात लाजायचं काय? मी दुकानाच्या पायरीवरूनच सुजाताला फोन लावला आणि आनंदाने ओरडलो, "अवं, काई नाई, नागीण हाय!"

पलीकडून ती काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

तासाभराने समुपदेशनाच्या ताई, वंदनाताई, जेवून आल्या. खोली लहान, टेबलावर एक रजिस्टर, भिंतीवर चित्रं. मी त्यांना म्हटलं की मला नागीण झाली आहे, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नागिणीलेई हर्पीसच म्हणते, भाऊ. ती लहानपणच्या कांजण्यांची उरलेली राह्यते. तुमचा दुसरा हाय. नाव एकच, आडनाव वेगळं. तुमचा संबंधातून येते."

मग त्यांनी फॉर्म भरायला घेतला. मला वाटलं फोडांचं विचारतील. पण त्या कागदावर रोगाचे प्रश्न कमी होते आणि माझ्या जगण्याचे जास्त.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"लग्न कितव्या वर्षी झालं?"

"पंचविसाव्या."

"वर्षातून घराबाहेर किती महिने राहता?"

"सहा."

"तिथं राहता कुठं?"

"मिलच्याच शेडमंधी. नऊ जण."

"दारू?"

"सुट्टीच्या दिवशी."

"निरोध वापरा म्हणून कोणी कधी सांगतलं होतं?"

"बोर्ड होता गेटजवळ," मी म्हणालो. "तेलुगूत."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "इथं बसून फॉर्म भरता भरता मले आता पुढचं उत्तर आधीच समजते. जो लांब जाते, महिनो न् महिने एकटा राह्यते, ज्याले कोणी त्याच्या भाषेत सांगत नाई, तोच त्या बाकावर येऊन बसते. ड्रायव्हर, फिटर, ऊस तोडणारा. चूक तुमची तुमच्यापाशीच राहू द्या, ती मी नाई घेत. पण असे तुम्ही एकटेच नाई."

इतकी वर्षं माझी समजूत होती की असले रोग वाईट माणसांना होतात. मी वाईट आहे की लांब राहणारा आहे, ते मला त्या खोलीत ठरवता आलं नाही. आजही पूर्ण ठरवता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "सीझनच्या मधात घरी आलते का?"

"चार दिवस. साळ्याच्या लग्नाले." ते लग्न थंडीत झालं होतं. पहिल्या वेळेनंतर.

"मंग वहिनींना सांगा लागन. त्यायलेई तपासा लागन. कधी कधी रोग असते पण दिसत नाई. पुढच्या मंगळवारी दोघं या."

रक्ताचे रिपोर्ट त्याच दिवशी मिळाले. एचआयव्ही नव्हता, गरमी म्हणजे सिफिलिसही नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. घरी जाऊन सगळं सांगायचं असं ठरवूनच मी गाडीला किक मारली.

गेरू

पण घरी माझ्या आधी माझा फोन पोचला होता.

अंगणात खाटेवर गुलाबकाका बसले होते. सत्तरी ओलांडलेले, वस्तीच्या पलीकडे राहणारे, नागिणीवर गेरू लावणारे म्हणून चार गावांत प्रसिद्ध. सुजाता सहाणेवर गेरू उगाळत होती. आता आमच्या घरात मंत्रतंत्र चालत नाही. सुजाता विहारातल्या महिला मंडळाची, या बाबतीत फार कडक. तिने काकांना आधीच बजावलं होतं.

"काका, गेरू औषध हाय म्हणून लावू देतो. मंत्र नाई म्हणायचा."

"मनातल्या मनात म्हणतो बाई."

"मनातई नाई."

काकांनी मला विचारलं, "तोंड कुठं हाय तिचं?"

मी म्हणालो, खाली आहे.

"आन् शेपूट?"

"तेबी खालीच."

काकांचा चेहरा पडला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो, आमच्याकडे समज असा आहे की नागीण कमरेभोवती सरकत जाते, आणि तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस हातचा जातो. गेरू लावायचा तो तिची वाट अडवायला. काकांनी धोतर-पायजमा काही न सोडवता माझ्या कमरेभोवती, बेंबीच्या खाली, लाल रेघ ओढली, शेतात पाणी अडवायला बांध घालतात तशी. म्हणाले, "वर याले नको. आता रोज सकाळी हे ताजी करायची."

सुजाता मागून म्हणाली, "दाखवा ना त्यायले नीट. आता या वयात लाजता कायले?"

"दाखवत नाई म्हणतो ना!" मी ओरडलो. बाकी जे बोलायचं ते त्या ओरडण्यात वाहून गेलं.

पाच दिवस ती रेघ ताजी होत राहिली. रोज सकाळी सुजाता वाटी घेऊन यायची, मी सदरा वर करून उभा राहायचो, आणि ती बोटाने माझ्या कमरेभोवती गेरू फिरवायची. तिच्या बोटाला सहाणेचा खरखरीतपणा असायचा. मग विचारायची, "आज कुठवर आली?" मी म्हणायचो, "तिथंच हाय." गोळ्या दिवसातून पाच वेळा होत्या. तिने फोनमध्ये पाच गजर लावले होते. महिला मंडळाच्या बैठकीत गजर वाजला की ती उठून घरी यायची आणि गोळी देऊन परत जायची. माझा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, हे मी सांगितलं तेही तिने काही न विचारता केलं. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता की मला तिच्याकडे बघवत नव्हतं. माझी बायको माझ्यावर इतकं प्रेम करते, हे मला बावीस वर्षांनंतर, खोटं बोलत असताना कळलं.

फोड सुकत होते. दुखणं कमी होत होतं. मंगळवार जवळ येत होता आणि मी रोज सांगायचं ठरवून रोज पुढे ढकलत होतो. एकदा तर वाटलं, सांगूच नये. नागीण बरी झाली म्हणावं, विषय संपला. वंदनाताई काय घरी येणार आहेत? पण साळ्याच्या लग्नातले चार दिवस डोक्यातून जात नव्हते.

सोमवारी सकाळी ती वाटी घेऊन आली नाही. मी मागच्या अंगणात गेलो तर ती सहाणेपुढे बसून रडत होती. गेरू उगाळणं चालूच होतं, डोळ्यांचं पाणी सहाणेवर पडत होतं.

"काहून रडतं?"

"तुम्ही दाखवत नाई म्हणजे मिळालं असन तोंड-शेपूट. मले सांगत नाई तुम्ही." मग तिने नाक पुसलं, त्यामुळे नाकाला गेरू लागला. "माह्या बाबाले नागीणच झालती. बारा दिवसांत गेले."

हे मला माहीत होतं. लग्नाआधीची गोष्ट, पण तिने सांगितली होती. दुकानाच्या पायरीवरून फोनवर ओरडताना मी ती विसरलो होतो. तेव्हा पलीकडे ती गप्प का झाली होती, ते मला आत्ता समजलं. माझी लाज वाचावी म्हणून मी तिला पाच दिवस तिच्या बापाच्या मरणाशेजारी बसवून ठेवलं होतं.

मी तिला म्हणालो, "उद्या यवतमाळले चाल माह्यासंगं. डॉक्टरनं दोघाले बलावलं."

"इतकं वाढलं?" तिने विचारलं.

रस्त्यावर

मोटरसायकलवर माणसाला खरं बोलता येतं, कारण मागच्याचं तोंड दिसत नाही. गाव मागे पडलं, सागाचं जंगल लागलं. उन्हाळ्यात सागाला पान नसतं, त्यामुळे सावलीही नव्हती. मी हँडलकडे बघत बोलायला सुरुवात केली. नागीण नाही म्हणालो. दुकानदार चुकला, मग मी चुकलो. मग मिल, शेड, ती बाई, दोनदा, सगळं सांगितलं. वाऱ्यात अर्धं उडून जाईल अशी आशा होती, पण तिने सगळं ऐकलं.

"गाडी थांबवा."

मी थांबवली. ती उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि यवतमाळच्या दिशेने चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी तिच्या मागे मागे नेत राहिलो. हाक मारायची हिंमत नव्हती. समोरून एक ऑटोवाला आला, आम्हाला बघून त्याने गाडी हळू केली.

"पेट्रोल संपलं काय, वैनी?"

"पेट्रोल हाय," सुजाता न थांबता म्हणाली. "अक्कल संपली."

एका मोहाच्या झाडाखाली ती थांबली. माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ती म्हणेल, मला माहेरी सोडा. त्याचीच तयारी मी आठवडाभर करत होतो.

"मरणार तं नाई ना तुम्ही?"

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं. हा रोग पुरा जात नाई, पण मारतबी नाई. मधामधात येते म्हणते."

ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. इतकी सुटून रडली की मीही रडलो. मग डोळे पुसून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि राग आला तो तेव्हा.

"बाईचं मी पाहीन काय करायचं ते. त्याले टाइम लागन मले. पण पाच दिवस मी गेरू उगाळून राह्यली, तुमच्या कमरीले लावून राह्यली, आन् तुम्ही सदरा वर करून उभे! गुलाबकाकाले मंत्र नाई म्हणू देल्ला म्या, रातभर जीव खाल्ला, का म्हणू द्याले पाह्यजे होता म्हणून! तवा तोंड नाई उघडता आलं?"

खरं सांगतो, तिथे रस्त्यात मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "उठा, लोक पाह्यतात." मग स्वतःच गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "चला. माहाबी फॉर्म भराचा असन."

वंदनाताईंनी तिला पाणी दिलं आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. सुजाता म्हणाली, "बसू द्या त्यायले. ऐकू द्या." ताईंनी रजिस्टर उघडलं.

"वय?"

"बेचाळीस."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अकरा."

मला वाटलं ती गोंधळली. मी म्हणालो, "बावीस ना."

"सहा महिने तुम्ही नसता," ती माझ्याकडे न बघता ताईंना म्हणाली. "अकराच लिहा बाई. माहा संसार अकराच वर्षं झाला."

वंदनाताईंनी अकरा लिहिलं. मला तो फॉर्म भरताना लाज वाटली होती, पण दुखलं ते हे ऐकताना.

तिची तपासणी झाली. तिला कसलीही लक्षणं नव्हती, रक्तही ठीक आलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून काय पाळायचं ते साध्या शब्दांत सांगितलं. फोड असताना लांब राहायचं, एरवी निरोध, अंगात कणकण आणि तिथे चुणचुण सुरू झाली की लगेच गोळ्या. एवढंच. इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते पाच मिनिटांत सांगून संपलं.

पाहुणी

तिला वेळ लागला. सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट समोर यायचं, पण आदळून यायचं. खाट वेगळी झाली. मी तक्रार केली नाही. दिवाळीच्या आधी मिलवाल्याचा नेहमीसारखा फोन आला, तेव्हा मी अंगणात, तिला ऐकू जाईल असा उभा राहून नाही म्हणालो. घाटंजीजवळच्या एका जिनिंगमध्ये काम धरलं. सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी घरी येतो. पहिल्या आठवड्यात सुजाताने विचारलं, "उद्याबी येणार जेवाले?" मी म्हणालो, "रोजच येणार." ती म्हणाली, "मंग पीठ जास्त मळा लागन," आणि उठून गेली. इतक्या महिन्यांनंतर मला तेवढ्यावर पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढे थंडीत रोग परत आला. पहिल्यापेक्षा फारच हलका, चार-पाच दिवसांचा. मी चेहरा पाडून बसलो होतो. तिने ओळखलं आणि विचारलं, "आली काय तुमची पाहुणी?" तेव्हापासून आमच्या घरात तिचं हेच नाव आहे. पाहुणी आली की गोळ्यांचा गजर लागतो, टॉवेल वेगळा होतो आणि सुजाता चार टोमणे मारते. टोमणे बंद झाले तर मी जास्त घाबरेन.

गुलाबकाका गावभर सांगत फिरतात की प्रकाशची कमरेखालची नागीण मी अडवली. लोक कौतुक करतात. तसं कुणी म्हणालं की सुजाता माझ्याकडे एकच नजर टाकते आणि मी चहा ठेवायला आत जातो.

बाहेर सीझनला जाणाऱ्या तीन ओळखीच्या माणसांना मी आजवर हे तोंडी सांगितलं आहे. एकाने नंतर गुपचूप विचारलं की कुठल्या खोलीत जायचं. मी त्याच्यासोबत गेलो, त्या बाकावर त्याच्या शेजारी बसलो, आणि त्याला म्हटलं की औषधाच्या दुकानात जायच्या आधी ताईंची जेवणाची सुट्टी संपू दे.

परवा आम्ही दोघं वर्षाच्या तपासणीला गेलो होतो. तीन महिन्यांची झाली होती, हीही चांगली आली. वंदनाताईंनी नवं रजिस्टर केलं होतं, त्यामुळे सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. मी शहाणा झालो आहे, गप्प बसलो.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

सुजाता माझ्याकडे वळली. माझ्या सदऱ्याच्या खांद्यावर कापसाचा पुंजका चिकटला होता, तो तिने काढला.

"बारा लिहा," ती म्हणाली. "यंदाचं पुरं भरलं."